लाइट गेल्यावर संप ओसंडू नये म्हणून

फिशटँकखाली संप, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी, बसवायचा म्हटलं की सगळे आधी पंप किती लिटरचा घ्यायचा ते विचारतात. खरा प्रश्न वेगळाच आहे: लाइट गेल्यावर वरचं किती पाणी खाली येणार?

पंप बंद पडला की रिटर्न पाइप (संपातलं पाणी वर नेणारा) उलटं पाणी ओढायला लागतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. १२० बाय ४५ सेंमीच्या टाकीत पातळी १ सेंमी उतरली तरी ५.४ लिटर होतात. तोंड ५ सेंमी बुडालेलं असेल तर २७ लिटर, पाइपातलं वेगळं. तेवढी जागा संपात हवी, नाहीतर फरशी पुसायची तयारी ठेवा.

म्हणून तोंड पृष्ठभागाच्या जवळ ठेवा आणि पाण्याखाली लगेच पाइपला ३-४ मिमीचं भोक पाडा. तिथून हवा शिरली की ओढ तुटते. शेवाळाने ते बुजतं, आठवड्याला टूथपिक फिरवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेच्या) भरवशावर राहू नका, वाळूचा एक कण अडकला तरी तो पूर्ण बंद होत नाही.

मुद्दाम पंप बंद करून बघा. संप काठाच्या खाली थांबला, तर पंप चालू करून स्थिरावलेल्या पातळीवर मार्करने रेघ मारा. पाणी त्या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी संपातल्या पंपाच्या कप्प्यातच दिसतं. समुद्री टाकी असेल तर तिथे साधं आरओचं पाणी घाला, मिठाचं नाही. संपातला गाळणीचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.