खुर्चीतून उठून थेट धावू नका

दिवसाचे आठ तास खुर्चीत काढणाऱ्या व्यक्तीचे जांघेतील स्नायू आखडलेले असतात आणि नितंबांच्या स्नायूंना दिवसभर काहीच काम पडलेले नसते. अशा स्थितीत कार्यालय सुटल्यावर लगेच धावायला सुरुवात केली, तर त्यांच्या वाट्याचा भार गुडघे, पोटऱ्या आणि कंबर यांच्यावर येऊ शकतो. म्हणून सायंकाळी धावणाऱ्यांनी आधी १० मिनिटे झपाझप चालावे, मग भिंतीचा आधार घेऊन प्रत्येक पाय १५ ते २० वेळा पुढे-मागे झुलवावा आणि काही बैठका माराव्यात. एका जागी ताण धरून ठेवण्याचे व्यायाम मात्र धावून झाल्यानंतर करावेत.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि तापलेला डांबरी रस्ता सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहतो, त्यामुळे या दिवसांत सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात किंवा घराजवळच्या मैदानावर पहाटेच धावणे मला अधिक योग्य वाटते. उष्म्याशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तोवर घड्याळाकडे न पाहता, सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतकाच वेग ठेवावा.

पहिल्या स्पर्धेसाठी २१.१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनचा मोह टाळून ५ किंवा १० किलोमीटरचे अंतर निवडावे. स्पर्धेच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा, आणि नवे बूट त्या दिवशी प्रथमच घालू नयेत.