पाळीव प्राण्यांकडून वन्यजीवांना होणारी हानी कशी टाळावी

मांजराने पाखरू मारले किंवा कुत्र्याने सशाचा पाठलाग केला, तर त्यात त्या जनावराचा दोष नसतो. शिकार करणे हा त्याचा स्वभावच आहे. मात्र मांजराला केव्हा बाहेर सोडायचे, कुत्र्याचा पट्टा कुठे काढायचा आणि नकोसे झालेले कासव कुणाच्या हवाली करायचे, हे मालक ठरवतो, आणि म्हणूनच त्यातून होणाऱ्या हानीची जबाबदारीही मालकाचीच असते. ‘हा तर निसर्गाचा नियमच आहे’ असे म्हणून पुष्कळ जण हा विषय झटकून टाकतात, पण तो युक्तिवाद टिकणारा नाही. रानातल्या शिकारी प्राण्यांची संख्या भक्ष्यावर अवलंबून असते. भक्ष्य घटले की तेही घटतात आणि उरलेल्या भक्ष्याला सावरायला अवधी मिळतो. पाळीव मांजराला घरी रोज खायला मिळते, आजारपणात औषधपाणी मिळते, त्यामुळे परिसरातली पाखरे संपत आली तरी मांजरे कमी होत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एकट्या अमेरिकेत मोकळी फिरणारी मांजरे दरवर्षी १०० कोटींहून अधिक पक्षी मारतात. त्यांतले बहुतेक पक्षी बेवारस मांजरांच्या तोंडी पडतात हे खरे. पण बेवारस मांजरांची संख्या सोडून दिलेल्या आणि निर्बीजीकरण न केलेल्या मांजरांमुळेच वाढत राहते, तेव्हा मांजराचे वेळेवर निर्बीजीकरण करून घेणे ही या कामातली पहिली पायरी आहे.

मांजराला घरातच ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. पिल्लू लहान असल्यापासून घरात वाढले, तर त्याला बाहेरची ओढ फारशी लागत नाही. बाहेर हिंडायची सवय झालेल्या मांजराला एकदम कोंडून ठेवू नये. बाहेरचा वेळ थोडा थोडा कमी करत न्यावा आणि त्याच्या बदल्यात खिडकीशी बसायला उंच फळी, अंग ताणून नखे घासायला खांब आणि शक्य असल्यास जाळी लावून बंद केलेला सज्जा द्यावा. पोट भरलेले मांजर शिकार करत नाही, हा समज चुकीचा आहे, कारण भूक आणि झडप घालण्याची प्रेरणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही अन्न कसले आहे याने फरक पडतो: इंग्लंडमधल्या २०२१ च्या एका प्रयोगात धान्यविरहित आणि भरपूर मांस असलेले अन्न दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, तर रोज केवळ पाच-दहा मिनिटे खेळवल्याने ती २५ टक्क्यांनी घटली. खेळवताना दोरीला बांधलेले पीस जमिनीलगत थांबत थांबत सरकवावे, मांजराला दबा धरू द्यावा, आणि शेवटी ते पीस त्याच्या पंजात येऊ द्यावे. हातात काहीच न लागता खेळ संपला, तर त्याची ओढ शमत नाही. याच प्रयोगात गळपट्ट्यावर चढवलेल्या भडक रंगांच्या कापडी पट्टीमुळे पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली. घुंगराचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही, त्यामुळे घुंगरू बांधून निश्चिंत राहू नये. गळपट्टा कोणताही असो, तो फांदीत अडकल्यास झटक्याने सुटणारा असला पाहिजे. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत तर मांजराला बाहेर सोडूच नये, कारण घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले काही दिवस जमिनीवर किंवा झुडपांत बसून असतात आणि त्यांना धड उडताही येत नाही.

कुत्र्याच्या बाबतीत पट्टा हातात असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २००७ च्या एका अभ्यासात, पट्ट्याला बांधलेले कुत्रे फिरवलेल्या वाटांवरही पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. कुत्रा जवळ आला की टिटवी ओरडत उठते आणि तो तिथेच रेंगाळला, तर अंडी उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडी राहतात. म्हणून विणीच्या काळात माळराने आणि पाणथळ जागांचे काठ टाळावेत, आणि एखादा पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला, तर आल्या वाटेने लगेच मागे फिरावे. लसीकरण चुकवू नये. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले, आणि तो विषाणू आसपासच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांकडून आल्याचे मानले जाते. पिसवा आणि गोचिडांसाठी त्वचेवर लावायच्या औषधांत फिप्रोनिलसारखी कीटकनाशके असतात. ती पाण्यातल्या किड्यांना घातक ठरतात, म्हणून औषध लावल्यानंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस कुत्र्याला तळ्यात किंवा ओढ्यात उतरू देऊ नये.

पाळलेला मासा, कासव, साप किंवा पोपट कधीही मोकळा सोडू नये. लाल पट्ट्याचे कासव विकत घेताना तळहातावर मावते, पण पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि दशकानुदशके जगते. कंटाळून तळ्यात सोडलेली अशी कासवे अनेक देशांत स्थानिक कासवांच्या मुळावर आली आहेत. जनावर सांभाळणे अशक्य झाले, तर ते विकणारा, एखादी प्राणी-निवारा संस्था किंवा पशुवैद्य यांच्यामार्फत त्याची सोय लावावी.

एवढी काळजी घेऊनही मांजराने पक्षी पकडलाच, तर पक्षी धडधाकट दिसतो म्हणून त्याला उडवून देऊ नये. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. त्याची जखम पिसांखाली टिंबाएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही, पण मांजराच्या तोंडातले जिवाणू त्यातून आत जातात आणि प्रतिजैविके मिळाली नाहीत, तर पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. आधी मांजराला दुसऱ्या खोलीत बंद करावे. मग पक्ष्यावर हलकेच कापड टाकून, छातीवर दाब न देता त्याला उचलावे आणि हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकण लावावे. त्याच्या चोचीत पाणी किंवा अन्न घालू नये, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे, पुन्हा पुन्हा उघडून पाहू नये, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे किंवा वन्यजीव बचाव केंद्रात न्यावे. पक्षी मांजराच्या तोंडातून सुटला आहे हे तिथे आवर्जून सांगावे. जखम दिसत नसली तरी उपचार त्यावरून ठरतात. पकडलेले पाखरू पिल्लू असेल, तर त्याची भावंडे आणि आईबाप बहुधा जवळच असतात, म्हणून पुढचे दोन आठवडे तरी मांजराला दाराबाहेर जाऊ देऊ नये.