लॅपटॉपमधून बाई बोलायला लागली तर काय करायचं

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन, आवाज नुसता थरथरत होता, "अरे लॅपटॉपमधून एक बाई इंग्रजीत बोलतीये, व्हायरस आलाय म्हणते, बंद करू नका म्हणते, खाली नंबर आहे तो लावू का?" म्हणलं मावशी आधी माऊसवरचा हात काढ, नंबर अजिबात लावू नकोस. बिचारी ढोकळ्याची रेसिपी बघत होती, मधल्या कुठल्यातरी जाहिरातीवर क्लिक झालं एवढंच.

तर तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका, लॅपटॉप लॉक वगैरे काही झालेला नसतो, ते नुसतं एक वेबपेज असतं, फुल स्क्रीन केलेलं आणि मागे आवाज लावलेला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, कंपनीने स्वतःच सांगितलंय हे.

आधी एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, बऱ्याचदा फुल स्क्रीन जाते आणि वरचा टॅब दिसायला लागतो, तो बंद करा. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून एंड टास्क. तेही जमेना तर सरळ पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. परत चालू केल्यावर ब्राउझर विचारतो की मघाचे टॅब उघडू का, तिथे नाही म्हणा, नाहीतर बाई परत हजर.

नंबर लावला की खरा धोका सुरू होतो. समोरचा गोड बोलून एनीडेस्कसारखं, म्हणजे लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवता येणारं ॲप टाकायला लावतो, मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून लाल-पिवळे एरर दाखवतो, जे चांगल्या चालत्या कॉम्प्युटरमध्ये पण असतातच, आणि माणूस घाबरला की पैसे मागतो. कुणी हे करून बसलं असेल तर लगेच नेट बंद करा, ते ॲप काढा, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, लवकर कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. लाजून गप्प बसू नका प्लीज.

आम्ही चांगल्याच साईटवर जातो असं बरेच जण म्हणतात पण मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीच्या साईटवर पण व्हायरसवाल्या जाहिराती घुसल्या होत्या. कारण जागा साईटची असली तरी जाहिरात बाहेरच्या नेटवर्कमधून येते, पेज उघडता उघडता लिलाव होऊन, ती काय आहे हे साईटवाल्यालाही आधी माहीत नसतं.

म्हणून ॲड ब्लॉकर, म्हणजे ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, टाकाच. फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन, क्रोमवर त्याचं लाइट व्हर्जन, दोन्ही फुकट. अमेरिकेच्या एफबीआयने सुद्धा डिसेंबर 2022 मध्ये लोकांना ॲड ब्लॉकर वापरा असं सांगितलं होतं, कारण गुगलवर एखादं सॉफ्टवेअर शोधलं की सगळ्यात वर स्पॉन्सर्ड लिहिलेली हुबेहूब नकली साईट येऊ शकते. डाऊनलोड करताना वरचे स्पॉन्सर्ड रिझल्ट सोडून खाली जा आणि ॲड्रेस नीट वाचा.

आणि कुठलंही पेज "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर" असं म्हणालं तर तो टॅब तिथल्या तिथे बंद. खरा कॅप्चा असलं काही सांगत नाही, तुमच्याच हाताने व्हायरस आत घ्यायचा प्रकार आहे तो.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे जाऊन क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स उघडलं तर अलाऊ केलेल्या चौदा साईट, एकही तिच्या ओळखीची नाही. कोपऱ्यात येणारे "व्हायरस सापडला" चे डबे तिथूनच यायचे. चौदाही काढल्या आणि साईटनी परवानगीच मागायची नाही हा पर्याय लावून ठेवला.