परकराच्या नाडीखाली काय चाललंय, बघा

माझ्या वयाच्या बायकांना सांगते, आंघोळ झाली की परकर घालण्याआधी आरशात कंबर बघत जा. वर्षानुवर्षं नाडी एकाच जागी करकचून बांधली की काळपट वळ पडतो, खाज येते, खवले सुटतात. तेवढ्यानं घाबरायचं नाही. पण त्याच वळावर जाड कडांची जखम, चामखिळीसारखी वाढ किंवा हात लागताच रक्त येणारी जागा दिसली आणि तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर तो क्वचित कॅन्सरही असू शकतो; हळद लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. बायोप्सीला, म्हणजे कॅन्सर आहे का ते तपासायला, कातडीचा छोटासाच तुकडा काढतात. धोतरवाल्यांनाही क्वचित असा कॅन्सर होतो, मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच तो नोंदवलाय. मी तर नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घेतलाय (सून हसते, हसू दे) आणि बांधतेही सैल, रोज थोडा वर-खाली.