आरव्हीच्या प्रवासात दोघांनी एक दिवस कसा हिंडावा

आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर, आणि घर बरोबर घेऊन कोणी स्थळे पाहायला जात नाही. महिनाभराच्या प्रवासात एक दिवस केवळ हिंडण्यासाठी राखायचा असेल, तर आधी हे घर मुक्कामी सोडून निघण्याची सोय करावी, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांत यजमानांनी आणि मी असा एक दिवस घालवला; त्याच दिवसाच्या आधारे पुढचे सांगते.

मुक्कामाला लावलेली आरव्ही हलवायची म्हणजे विजेची केबल, पाण्याची नळी आणि सांडपाण्याचा पाइप सोडवायचा, बाहेरची शेड गुंडाळायची, फ्रिजच्या दाराला खिट्टी घालायची आणि फडताळातला प्रत्येक डबा घट्ट बसवायचा. यात पाऊण तास सहज जातो, आणि एक खिट्टी राहिली तरी पहिल्याच वळणावर गोडा मसाला जमिनीवर सांडतो. आमचा सांडला, तेव्हा पुढे दोन दिवस त्या घरात आमटी न करताही आमटीचा वास दरवळत होता.

भाड्याच्या आरव्हीमागे मोटार ओढून नेण्याची परवानगी अनेकदा नसते. म्हणून रॅपिड सिटीसारख्या मोठ्या गावातून जाताना लहान मोटार भाड्याने घ्यावी, आणि एकाने आरव्ही तर दुसऱ्याने मोटार चालवत मुक्काम गाठावा. येथे घड्याळाकडे लक्ष द्यावे. या राज्याचा पूर्व भाग सेंट्रल वेळेवर चालतो आणि पश्चिम भाग माउंटन वेळेवर, म्हणजे एक तास मागे. फोनने ही वेळ आपोआप बदलली होती, पण आमच्या मायक्रोवेव्हच्या घड्याळाने नव्हती, आणि यजमानांचा विश्वास मायक्रोवेव्हवर. “अहो, दार बंद आहे,” असे मी म्हटल्यावर यजमान मोटारींच्या दुकानाच्या पायरीवर बसले, कारण ते उघडायला अजून तासभर होता, आणि आम्ही थर्मासमधला चहा तिथेच संपवला.

दिवसासाठी एकच फेरी ठरवावी. कस्टर गावाजवळ मुक्काम असेल तर सकाळी सिल्व्हन लेक, तेथून नीडल्स हायवे, दुपारी कस्टर स्टेट पार्कमधला 18 मैलांचा वन्यजीव रस्ता, मग आयर्न माउंटन रोड आणि संध्याकाळी माउंट रशमोर, म्हणजे अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर, हा क्रम उत्तम, कारण यात एकही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. डोंगरांत फोनला जागोजागी रेंज नसते, त्यामुळे कागदी नकाशा घ्यावा. चालवणारा आणि नकाशा पाहणारा यांनी दुपारी जागा बदलाव्यात, म्हणजे दोघांनाही डोंगर पाहायला मिळतात आणि वाट चुकल्याचा दोष एकाच्याच माथी येत नाही.

नीडल्स हायवेवर ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून कोरलेला नीडल्स आय नावाचा बोगदा आहे. त्याची रुंदी जेमतेम 8 फूट. आरव्हीची स्वतःची रुंदीच साधारण तेवढी, आणि त्यात दोन्ही बाजूंना कानांसारखे बाहेर आलेले आरसे. म्हणून मोटार हवीच. तेथे समोरची गाडी पूर्ण बाहेर येऊ द्यावी, दिवे लावावेत आणि सावकाश शिरावे. यजमानांनी आरसे मिटले, श्वास रोखला आणि मलाही पोट आत घ्यायला सांगितले. मीही घेतले! पलीकडे निघाल्यावर आम्ही गाडी बाजूला लावून पोटभर हसलो. अशा थांब्यांसाठी वेळापत्रकात मोकळा वेळ ठेवावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

वन्यजीव रस्त्यावर बायसनचे कळप वाट अडवतात. तेव्हा हॉर्न वाजवू नये, खाली उतरू नये, कळप जाईपर्यंत इंजिन बंद करून बसावे, कारण हा प्राणी माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो. गाढवांची गोष्ट वेगळी. आज ब्लॅक एल्क पीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिखरावर पूर्वी पर्यटकांना पाठीवरून नेणाऱ्या गाढवांची ही पुढची पिढी, आणि गाडी दिसली की ती थेट खिडकीशी येतात. यजमानांनी फोटोसाठी काच खाली केली. हातात शिदोरीतली गूळपोळी होती. करड्या केसांचे, ओल्या नाकाचे एक भलेमोठे डोके आत आले, गूळपोळी गेली, आणि मग त्या गाढवाने काचेच्या कडेला सांडलेला चुरासुद्धा जिभेने पुसून घेतला. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. तात्पर्य, या रस्त्यावर खाण्याचे पदार्थ डिकीत आणि काचा वर ठेवाव्यात; प्राण्यांच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

आयर्न माउंटन रोड दक्षिणेकडून उत्तरेकडेच घ्यावा. या 17 मैलांत 314 वळणे आहेत, लाकडी पूल वेटोळे घेतात आणि बोगद्यांच्या चौकटीत समोर माउंट रशमोरचे चेहरे दिसतात. उलट दिशेने गेल्यास हे दृश्य पाठीमागे राहते. ज्याला वळणे लागतात त्याने आधी आवळासुपारी तोंडात धरावी.

1927 ते 1941 या काळात शिल्पकार गट्झन बोर्गलम यांच्या आणि शेवटी त्यांच्या मुलाच्या देखरेखीखाली कोरलेले ते चार चेहरे प्रत्येकी 60 फूट उंच आहेत. मात्र हे डोंगर येथल्या मूळनिवासी लकोटा लोकांना पवित्र आहेत, 1868च्या तहाने ते त्यांचेच मानले गेले होते, आणि सोने सापडल्यावर ते काढून घेतले गेले. 1980मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली, तरी लकोटांनी ती घेतलेली नाही. हे जाणून तेथे उभे राहावे. आम्ही तेथल्या एका बाकावर बराच वेळ काही न बोलता बसलो होतो.

परतताना अंधार होतो, आणि भाड्याच्या आरव्ही सगळ्या सारख्याच दिसतात. यजमानांनी शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावली, तेव्हा आतून आजोबांनी “आत या, चहा टाकतो” अशा अर्थाचे काही म्हटले, आणि आम्ही खरोखरच तासभर त्यांच्याकडे बसलो. तरीही सकाळी निघण्यापूर्वी आपल्या दाराच्या कडीला एखादी रंगीत ओढणी बांधावी. आम्ही दुसऱ्या दिवसापासून लाल बांधली.