परदेशी प्रवेशासाठी भाषेची परीक्षा : बडोद्यातील विद्यार्थी आणि पालकांसाठी तयारीची यादी

परदेशी विद्यापीठासाठी कोणती भाषा-परीक्षा द्यायची, याचा विचार बडोद्यात बहुतेक वेळा क्लासच्या पाटीपासून सुरू होतो आणि घराजवळच्या क्लासमध्ये जी परीक्षा शिकवतात तीच मुलाच्या वाट्याला येते. हा क्रम उलटा करणे, हे यादीतील पहिले काम. आधी देश, मग विद्यापीठ आणि त्यानंतर नेमका अभ्यासक्रम ठरवावा, आणि त्या अभ्यासक्रमाच्या पानावर दिलेली भाषेची अट जशीच्या तशी वहीत उतरवून शेजारी ती पाहिल्याची तारीख लिहावी. विद्यापीठाची सर्वसाधारण अट वेगळी आणि विभागाची वेगळी असू शकते. कायद्यासारख्या अभ्यासक्रमांना अनेकदा जास्त गुण लागतात.

उतरवलेली अट शिक्षणाच्या माध्यमाबद्दल आहे की एखाद्या भाषेच्या विषय म्हणून केलेल्या अभ्यासाबद्दल, हे त्यानंतर तपासावे. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत अमेरिकेसाठी फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी अशा भाषांच्या सॅट सब्जेक्ट टेस्टचा, म्हणजे प्रवेशासाठीच्या विषयवार परीक्षांचा, सल्ला अजूनही वाचायला मिळतो. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने या परीक्षा जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेत बंद केल्या आणि त्याच वर्षी जूननंतर त्या इतर देशांतही झाल्या नाहीत. तेव्हा त्यांच्या तयारीची पुस्तके विकत घेऊ नयेत. भाषाविषयातील प्रावीण्य दाखवायचेच असेल तर मे महिन्यात होणाऱ्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळकरी मुलांसाठी महाविद्यालयीन पातळीच्या) परीक्षांत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन या भाषा आहेत. मराठी, गुजराती किंवा हिंदी त्यांत नाही. आपल्या मुलांनी यामुळे खट्टू होण्याचे कारण नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या सामायिक अर्जात आपल्याला येणाऱ्या भाषांची नोंद करण्याची सोय असते आणि प्रत्येक भाषा बोलता, वाचता, लिहिता येते की नाही व घरी बोलली जाते का, हे तिथे वेगवेगळे सांगता येते. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मुलाला मराठी अस्खलित बोलता येते, पण सलग पानभर लिहिण्याची सवय नसते, असे पुष्कळदा दिसते. जेवढे खरोखर येते तेवढेच लिहावे, आणि जे येते ते मात्र अवश्य लिहावे. चार भाषांत वावरणे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की मुले ते नोंदवायलाच विसरतात.

इंग्रजी माध्यमासाठी आयईएल्‌टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांपैकी काय चालते, ते वहीतील अटीवरूनच कळते. आयईएल्‌टीएस निवडल्यास विद्यापीठासाठी ‘अकॅडेमिक’ हाच प्रकार भरावा. एकूण बँडबरोबर (बँड म्हणजे या परीक्षेतील गुण) प्रत्येक विभागाचा किमान बँडही पाहावा. ऐकण्यात ८, वाचनात ७.५, बोलण्यात ७ आणि लेखनात ५.५ मिळाले तर एकूण बँड ७ येतो. पण ‘एकूण ६.५ आणि कोणत्याही विभागात ६ पेक्षा कमी नको’ अशी अट असेल तर हा निकाल उपयोगाचा नाही. एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते, मात्र ती सर्व विद्यापीठे मानत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्यावे. टोफेलची गुणपद्धत जानेवारी २०२६पासून १ ते ६ अशी झाली आहे, त्यामुळे १२०पैकी गुणांत लिहिलेली जुनी अट वाचताना सावध राहावे. दोन्ही परीक्षांचे निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरतात. अकरावीत घाईने दिलेली परीक्षा पदव्युत्तर प्रवेशाला उपयोगी पडत नाही. ब्रिटनमधील काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीचे गुणही मान्य करतात, पण कोणत्या बोर्डाचे आणि किती, हे लेखी मिळवावे.

जर्मनीत जर्मन माध्यमातून शिकायचे असेल तर टेस्टडाफ या जर्मन परीक्षेच्या चारही भागांत चौथी पातळी किंवा विद्यापीठे स्वतः घेतात त्या डीएसएच परीक्षेची दुसरी पातळी (डीएसएच-२) ही सर्वसाधारण अपेक्षा असते. एकट्या बारावीवर तिथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही आणि आधी श्टुडियनकोलेग, म्हणजे प्रवेशपूर्व तयारीचा अभ्यासक्रम, करावे लागते. त्यासाठीही जर्मन लागते, म्हणून भाषेची सुरुवात दहावीनंतर लगेच झालेली बरी. फ्रान्ससाठी डेल्फ बी-२ किंवा डाल्फ सी-१ या फ्रेंच परीक्षांची प्रमाणपत्रे कायम वैध असतात, तर टीसीएफ या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेचा निकाल दोनच वर्षे चालतो. शाळेत फ्रेंच घेतलेल्या मुलाला म्हणूनच मी डेल्फ सुचवीन. जपानी भाषेच्या जेएलपीटी या परीक्षेत बोलण्याची परीक्षा नसते, त्यामुळे एन-२ ही वरून दुसरी पातळी मिळूनही मुलाखतीत अडखळणारी मुले असतात. संभाषणाचा सराव वेगळा ठेवावा. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबर महिन्यांत होते. जर्मन आणि जपानी परीक्षांसाठी मुंबई आणि पुणे ही दोन्ही केंद्रे आपल्याला सोयीची आहेत; पुण्यात मावशी किंवा आत्या असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम तिच्याकडेच ठरवावा.

यानंतरचे काम नावाचे, आणि ते कोणत्याही परीक्षेच्या नोंदणीआधी करायचे. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग मुलाचे नाव आणि मग वडिलांचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि दिलेले नाव अशा दोन वेगळ्या ओळी असतात. परीक्षेच्या अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव भरावे, कारण आयईएल्‌टीएस आणि टोफेल या दोन्हींसाठी भारतात ओळखपत्र म्हणून साधारणपणे पासपोर्टच दाखवावा लागतो. गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे; ‘देशपांडे’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी तो आताच दुरुस्त करावा, कारण बोर्डाकडून दुरुस्ती मिळवायला वेळ लागतो.

शेवटी दिनदर्शिका घेऊन अर्जाच्या अंतिम तारखेपासून मागे मोजत यावे. जर्मनीत हिवाळी सत्राची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलै असते. त्याआधी कागदपत्रांच्या छाननीचे काही आठवडे, त्याआधी निकालाचे दिवस आणि त्याआधी एका फेरपरीक्षेपुरती जागा सोडली की पहिली परीक्षा हिवाळ्यातच द्यावी लागते. तो महिना बारावीच्या पूर्वपरीक्षेवर येत असेल तर भाषेची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत उरकावी, आणि त्या तारखेची जागा गणपतीपूर्वीच आरक्षित करावी.