चित्र नंतर, आधी चुना

रोमन मोझाइकच्या, म्हणजे रंगीत खडे जडवून केलेल्या चित्रफरश्यांच्या, जतनाचं काम शिकायला येणारे बहुतेक जण चित्रावर भुलून येतात. तुर्कस्तानातल्या झ्युग्माच्या मोझाइकमधल्या 'जिप्सी मुली'चे डोळे पाहिल्यावर तसं होणारच. पण सुरुवातीचे कित्येक महिने हात चुन्यातच राहणार आहेत, ही तयारी ठेवूनच या.

फरशीचं आयुष्य तिच्या खालच्या थरांवर अवलंबून असतं. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने सांगितलेली रचना तुम्हाला पाठ असेलच: तळाशी मुठीएवढे दगड, त्यावर तीन भाग खडीला एक भाग चुन्याचा कोबा, त्यावर तीन भाग खापराच्या पुडीला एक भाग चुना, म्हणजे आपली सुरकीच. हे थर स्वतःच पुरावा असतात. इस्राएलमधल्या लोदची फरशी १९९६ साली रस्त्याच्या कामात सापडली. २००९ मध्ये ती उचलली, तेव्हा खालच्या चुन्यात कारागिरांच्या पावलांचे आणि चपलांचे ठसे निघाले. तळ खरवडून टाकण्याची घाई करणाऱ्याला हे ठसे कधी दिसलेच नसते.

आता नवख्यांना हमखास गाठणारा सापळा. फरशीच्या कडेचे खडे सुटायला लागलेले असतात, चुना घट्ट व्हायला दिवस लागतात, आणि कुणीतरी म्हणतं, "मूठभर सिमेंट टाक, उद्या पक्कं होईल." टाकू नका. चिमूटभरही नको. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा खूप कठीण असतं, ओल सहज बाहेर सोडत नाही, आणि त्यात विरघळणारे क्षार असतात. जमिनीतली ओल मग शेजारच्या मऊ चुन्यातून आणि चुनखडीच्या खड्यांतून वाट काढते. ती तिथे सुकते, क्षारांचे स्फटिक फुगतात आणि खड्यांचे पापुद्रे सुटतात. म्हणजे तुमची दुरुस्ती शाबूत राहते आणि दोन हजार वर्षांची फरशी झडते. शिवाय ते सिमेंट नंतर काढायला गेलात, की खडेही फुटतात. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटवर बसवलेल्या फरश्यांचं दुखणं आणखी वेगळं: सळई गंजून फुगते आणि फरशीच तडकते.

कड भरण्याची खरी रीत सोपी आहे, पण तिला सबुरी लागते. फटीतली धूळ आणि मेलेला चुना मऊ ब्रशने आणि हवा मारायच्या रबरी फुग्याने पूर्ण काढा. पिचकारीने आतली बाजू भिजवा, पण पाणी साचू देऊ नका. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू आणि सुरकी घ्या. ओलसर जागी नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा चुना, बरा. पाणी इतकंच, की गोळा हातात वळला पाहिजे पण हाताला चिकटता कामा नये. छोट्या थापीने थराथराने दाबून भरा आणि ओल्या गोणपाटाखाली काही दिवस झाकून ठेवा. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओल लागते. उन्हात उघडा टाकला तर नुसता वाळतो.

बारीक भेगा पडल्या, तर पाणी जास्त झालंय. बोटाने पीठ निघतंय, तर वाळण्याची घाई झालीय. कडेपासून सुटलं, तर फट नीट भिजवली नव्हती. पहिले काही प्रयत्न बिघडतात, सगळ्यांचेच. काढा, पुन्हा भरा. चुना तेवढी संधी देतो, म्हणून तर तो वापरायचा.

फरशी ठोकून पाहताना पोकळ आवाज आला म्हणून पोकळी भरायला लगेच द्रव चुना सोडायलाच हवा असं नाही. पृष्ठभाग स्थिर असेल तर फरशीच्या नकाशात नोंद करा आणि पुढच्या पाहणीत पुन्हा ठोका. गुरू निवडताना माझा कौल नेहमी आधी नकाशा काढायला लावणाऱ्याला. पहिल्याच दिवशी हातात स्काल्पेल देणाऱ्यापासून सांभाळून राहा. आणि फोटोत रंग खुलावेत म्हणून फरशीवर पाणी ओतण्याची सवय कृपा करून लावून घेऊ नका. प्रत्येक ओल-वाळवणीत क्षार पुन्हा वर येतात.

निधी नसेल, छप्पर नसेल, तर पुन्हा मातीआड करणं हा मोठा इलाज आहे. इंग्लंडमधल्या वुडचेस्टरचं ऑर्फियसचं मोझाइक १९७३ नंतर उघडलेलं नाही. झाकताना खाली चाळलेली वाळू घाला. पुढे जुनी पातळी ओळखू यावी म्हणून पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचं कृत्रिम कापड) चालेल, पण प्लॅस्टिक कधीच अंथरू नका. त्याखाली वाफ साचते आणि मुळं ओलीच्या मागे थेट खड्यांमधल्या फटींत शिरतात. वर उगवणारी झुडपं लहान असतानाच छाटा. उपटलीत तर मुळांबरोबर खडेही वर येतील.